‘तोदा’ म्हण, पण कशाबद्दल?

पाहुण्याने मुलाच्या हातावर खाऊ ठेवला की आई लगेच म्हणते, “तोदा म्हण!” मूल मान खाली घालून ‘तोदा’ म्हणते आणि खेळायला पळते. यात वाईट काही नाही. वळण असेच लागते. पण ज्या आजीने त्याला अंगाखांद्यावर वाढविले, तिला ते कधी ‘तोदा’ म्हणाले आहे काय?

घरच्या माणसाचे आभार मानणे आपल्या मराठीत परकेपणाचे वाटते. आपले वाडवडील ते शब्दाने करीत नसत. प्रार्थना संपली की थोरांची हातबोशी घेत. संकट टळले की एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा करीत. आज पुष्कळ घरांतील मुलांना ना तो शब्द सुचतो, ना ती रीत ठाऊक असते.

कृतज्ञतेला इब्री भाषेत ‘हाकारत हातोव’ म्हणतात. अर्थ सरळ आहे : झालेले भले ओळखणे. म्हणजे आधी ओळख, मग आभार. आपले ऋषी सांगतात की नाईल नदीवर काठी मारण्याचे काम मोशेने केले नाही, अहरोनाने केले; कारण त्याच नदीने तान्ह्या मोशेला सांभाळले होते. पण तेव्हा मोशे अवघा तीन महिन्यांचा! त्याला हे आठवणार कसे? कोणी तरी, आईने किंवा मिर्यामने, त्याला सांगितलेच असले पाहिजे.

कोणीच सांगितले नाही तर काय होते, याचे एक उदाहरण कुवेतचे आहे. तेथे एका इराकी यहूदी कुटुंबात साले १९०८ साली आणि दाऊद १९१० साली जन्मले. व्यापारासाठी हिंदुस्थानात गेलेल्या काकांनी परतताना या मुलांसाठी व्हायोलिन आणि ऊद ही वाद्ये आणली. कुवेतच्याच खालिद अल-बक्र या वादकाने त्यांना शिकविले. पुढे ते बगदादला गेले, तरी ‘अल-कुवैती’ हेच नाव त्यांना चिकटले. १९३६ साली साले यांनी बगदाद रेडिओचा वाद्यवृंद उभा केला. १९५१ साली दोघे भाऊ इस्राएलला आले. येथे त्या संगीताला फारसे कोणी विचारीत नव्हते. तेल अवीवच्या हातिकवा वस्तीत त्यांनी दुकान टाकले. इराकात त्यांची गाणी गाइली जात राहिली, पण पुढे त्यांची नावे पुसली गेली.

दाऊद यांनी आपल्या मुलांना संगीतापासून दूर ठेवले. १९७६ साली ते वारले. पुढच्याच वर्षी जन्मलेल्या नातवाला, दुदू तासाला, त्यांचेच नाव मिळाले. हा नातू रॉक गायक झाला आणि २०११ साली त्याने आजोबांची गाणी नव्याने गाऊन प्रसिद्ध केली. आभार इतके सुंदर क्वचितच कोणी मानले असतील. पण ते ऐकायला आजोबा नव्हते. हा दोष नातवाचा नव्हे.

यावर कोणी म्हणेल, आपले कष्ट मुलांना सांगायचे म्हणजे उपकार बोलून दाखविणे नव्हे काय? शंका खरी आहे. “तुझ्यासाठी मी इतके केले” असे ऐकून मुलाच्या मनात कृतज्ञता येत नाही, ओझे येते. म्हणून स्वतःचे उपकार कोणी सांगू नयेत. दुसऱ्याचे मात्र अवश्य सांगावेत. आजीने काय सोसले ते सुनेने सांगावे. शिक्षिकेने किती माया केली ते बापाने सांगावे. आईविषयी आजोबांनी बोलावे.

शुक्रवारी किद्दुश झाल्यावर पाच मिनिटे यासाठी ठेवावीत. एकाच माणसाची एकच खरी हकिकत सांगावी. मग मुलालाच विचारावे, “तू त्यांना काय सांगशील?” ते चित्र काढील, फोन करील किंवा नुसते जाऊन बिलगेल. वाक्य आपण पढवू नये. आजीला इब्री कमी समजत असेल, तर हवे ते मराठी शब्द तेवढे पुरवावेत.

“आजी, तू केलेस ते मला माहीत आहे,” एवढे जरी नातवाने म्हटले तरी तिला पुष्कळ झाले. मात्र ते तिच्या कानांवर, ती असतानाच पडले पाहिजे.