जागल, जागृती आणि झोप



पाहुणा मुक्कामी राहिला म्हणजे सकाळी आपण त्याला विचारतो, "झोप लागली का?" विचारतो ते रीत म्हणून, उत्तराची वाट कोणी पाहत नाही. हाच प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी आळवी नगरीच्या हत्थक नावाच्या कुमाराने तथागतांना विचारला, आणि तथागतांनी त्याचे सविस्तर उत्तर दिले. अंगुत्तर निकायात ही हकीकत आली आहे. दिवस ऐन कडाक्याच्या थंडीचे. वनातली गुरांची वाट, खुरांनी तुडवून खडबडीत झालेली जमीन, त्यावर पातळसा पाचोळा, अंगावर साधे चीवर आणि बोचरा वारा. अशा ठिकाणी रात्र काढलेल्या माणसाला हत्थक विचारतो की सुखाने निजलात काय? तथागतांनी होकार दिला. जगातल्या सुखाने निजणाऱ्यांत त्यांनी स्वतःची गणना केली.

हत्थकाला हे पटेना. तेव्हा तथागतांनी त्यालाच उलट विचारले. एखाद्या गृहस्थाचे घर सारवलेले, गिलावा केलेले, खिडक्या बंद, पलंगावर लोकरीचा मऊ बिछाना, उशाला दिवा, सेवेला माणसे. तो सुखाने झोपेल ना? झोपेल, हत्थक म्हणाला. पण त्याच गृहस्थाच्या अंगात लोभाचा दाह उठला, द्वेषाचा उठला, मोहाचा उठला, तर? हत्थकाला कबूल करावे लागले की मग तो तळमळत राहील. बाज तीच, अंथरूण तेच, रात्र तीच, आणि झोप मात्र नाही.

दुसरी गोष्ट भद्दियाची. हा शाक्यांचा राजा. अनुरुद्ध, आनंद यांच्यासह त्याने प्रव्रज्या घेतली तेव्हा त्यांच्या मागणीवरून उपालि न्हाव्याला आधी दीक्षा दिली गेली, म्हणजे शाक्यांचा कुलाभिमान मोडावा आणि त्यांनी उपालीला वंदन करावे. (ही गोष्ट आपल्या मुलांना वर्गात कोणी सांगत नाही, घरी सांगावी.) तर हा भद्दिय झाडाखाली बसून वारंवार सुखाचे उद्गार काढी. भिक्खूंना वाटले, याला राजवाडा आठवत असावा. तथागतांनी विचारले तेव्हा भद्दियाने सांगितले की वाड्याच्या आत पहारा, वाड्याबाहेर पहारा, नगरात पहारा, मुलखात पहारा, तरी मी भीतच राहत होतो. आता एकटा अरण्यात आहे आणि भय उरले नाही.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, हे राजाचे आणि बुद्धाचे झाले. आमच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज आहे, सोयाबीनला भाव नाही, पोरीचे लग्न तोंडावर आहे. आमची झोप उडाली ती तृष्णेमुळे, असे म्हणता काय? नाही, मी तसे म्हणत नाही, आणि धम्मही तसे म्हणत नाही. 2006 मध्ये पंतप्रधानांचे पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांसाठी आले त्यांत आपला बुलढाणा होता. ते कशासाठी आले हे येथे कोणाला सांगायला नको. तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची सुखे सांगितली, त्यांत ऋण नसण्याचे सुख वेगळे काढून सांगितले. अन्यत्र भिक्खूंना दारिद्र्य आणि कर्ज यांचे दुःख पायरीपायरीने उलगडून दाखविले: कर्ज, त्यावर व्याज, मग तगादा, मग पाठलाग, मग बंधन. कर्जदाराची रात्र त्यांना माहीत होती. म्हणून ज्याची झोप कर्जाने गेली आहे त्याला "मन शांत ठेव" एवढेच सांगणे ही थट्टा आहे. त्याने हिशोब करावा, पण दिवसा, कागदावर आणि दुसऱ्या माणसाला शेजारी बसवून. रात्री दोन वाजता एकट्याने पडल्या पडल्या केलेला हिशोब कधी जुळत नाही. मेंदू थकलेला असतो, अंधारात आकडे मोठे दिसतात आणि सकाळी हाती काही लागत नाही.

हेच अपमानाचे. गावात कोणी जातीवरून बोलले, पाणवठ्यावर अडविले, तर तो विस्तव रात्रभर धगधगतो. मैत्री भावनेने निजणारा सुखाने निजतो, सुखाने उठतो आणि वाईट स्वप्ने पाहत नाही, असे मैत्रीच्या अकरा लाभांत पहिले तीन लाभ सांगितले आहेत. मात्र मैत्री म्हणजे अन्याय गिळणे नव्हे. फिर्याद द्यायची तर 1989 चा कायदा आहे, पोलीस ठाणे आहे. ती सकाळी द्या, साक्षीदार घेऊन द्या. रात्री मनातल्या मनात भांडण पुन्हा पुन्हा लढण्याने समोरच्याचे काही जात नाही, जाते ती तुमची झोप. मैत्री भावनेचा आरंभ स्वतःपासून करावयाचा असतो, हे आपण विसरतो.

आता उपायांकडे येऊ. अंथरुणावर जाऊन झोपेशी कुस्ती करू नये. सोण नावाच्या भिक्खूने चालून चालून पाय रक्तबंबाळ केले, तेव्हा तथागतांनी त्याला वीणेच्या तारेचा दाखला दिला: फार ताणली तरी वाजत नाही, फार सैल सोडली तरी वाजत नाही. झोपेला हा दाखला तंतोतंत लागू पडतो. "आज झोपायचेच" असे ठरवून डोळे घट्ट मिटणारा पहाटेपर्यंत जागा राहतो.

1972 मध्ये रिचर्ड बुटझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक साधी रीत मांडली. डोळे जड झाल्यावरच अंथरुणावर जावे. अंथरूण झोपेपुरतेच ठेवावे. सुमारे वीस मिनिटांत झोप येत नाही असे वाटले तर उठावे, दुसरीकडे बसावे आणि पेंग आल्यावरच परत यावे. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळीच उठावे. एका खोलीच्या घरात दुसरी खोली कोठून आणणार? ओसरीवर बसा, अंगणात सावकाश फेऱ्या घाला. आपल्याकडे चंक्रमण आहेच. भिक्खूंनी रात्रीचा पहिला प्रहर चालण्या-बसण्यात घालवावा, मधल्या प्रहरी उजव्या कुशीवर निजावे आणि शेवटच्या प्रहरी उठावे, असा क्रम सांगितला आहे. मात्र भिक्खूचा एका प्रहराच्या झोपेचा नियम गृहस्थाने अंगावर घेऊ नये. दिवसभर वावरात राबणाऱ्या प्रौढ माणसाला सात तास तरी झोप हवी. अशा सवयी आणि विचार सुधारणाऱ्या उपचाराला 2016 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधीचे स्थान दिले आहे.

उठण्याची वेळ ठरलेली असावी, यावर माझा सर्वांत जास्त भर आहे. शरीरात एक घड्याळ आहे आणि त्याला चावी देतो तो सकाळचा उजेड. या घड्याळाच्या शोधाला 2017 चे नोबेल मिळाले. उठल्यावर अर्धा तास उघड्यावर काढा. रात्री उलट करा: दिवा मंद ठेवा, मोबाईल उशाशी नको. चहाचे आपण फार शौकीन. पण चहा-कॉफीतल्या कॅफीनचा अर्धा अंश पोटात गेल्यावर साधारण पाच तासांनीही रक्तात असतो. संध्याकाळी विहारातून निघाल्यावर टपरीवरचा कट चहा ज्याला सोडवत नाही त्याने रात्री छताकडे पाहण्याची तयारी ठेवावी.

दुपारच्या झोपेविषयी आपल्याकडे दोन टोकाची मते आहेत. सच्चक नावाच्या वादपटूने तथागतांना टोचून विचारले होते, आपण दिवसा निजता काय? तथागतांनी लपविले नाही. उन्हाळ्याच्या शेवटच्या महिन्यात जेवणानंतर चीवर अंथरून पडल्याचे त्यांनी सांगितले. घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याचे मे महिन्याचे ऊन ज्याने सोसले आहे त्याला हे समजावून द्यायला नको. ज्याला रात्री झोप येते त्याने खुशाल पडावे. ज्याला येत नाही त्याने मात्र दुपारची डुलकी वीस-तीस मिनिटांवर नेऊ नये आणि तिन्हीसांजेला तर पडूच नये.

घरगुती उपचारांतले काही निरुपद्रवी आहेत. कोमट दूध घ्यावे, तळपायाला तेल लावून काशाच्या वाटीने घासावे. त्या निमित्ताने घरचे कोणी पाच मिनिटे पायाशी बसते, हाच मला त्यातला मोठा गुण वाटतो. जायफळ मात्र कोणी सांगितले म्हणून उगाळून भरपूर घेऊ नये, जास्त मात्रेत ते विषारी आहे. दारूने डोळा लवकर लागतो हे खरे, पण मध्यरात्रीनंतर तीच दारू झोप मोडते. पाचवे शील आणि 14 ऑक्टोबर 1956 ची प्रतिज्ञा बाजूला ठेवून नुसते झोपेचे गणित मांडले तरी तो तोट्याचा सौदा आहे. मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय आणलेल्या झोपेच्या गोळ्याही तशाच: सवय लागते, आणि सवय लागल्यावर एकाएकी बंद केल्या तर अपाय होतो. ज्यांना लागल्या आहेत त्यांनी डॉक्टरच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी कराव्यात.

एका गोष्टीवर स्पष्ट बोलले पाहिजे. झोपेत छातीवर कोणी बसले, हात हलेना, ओरडता येईना, असा अनुभव पुष्कळांना येतो. स्वप्नाच्या झोपेत शरीराचे स्नायू ढिले पडलेले असतात. जाग आधी आली आणि स्नायू मागून सुटले तर असे होते. मिनिटा-दोन मिनिटांत ते जाते. यात भूत नाही. तरीही अशा माणसाला, किंवा महिनोन्‌महिने न झोपणाऱ्या बाईला, आपले लोक अजूनही बाहेरची बाधा म्हणून पिंपळगाव सराईजवळ सैलानीला नेतात. तेथे जाणाऱ्यांच्या दुःखाची मी टिंगल करीत नाही. ते सर्व धर्मांचे, सर्व जातींचे, थकलेले लोक आहेत. पण बावीस प्रतिज्ञा म्हणणाऱ्या घरातून माणूस तेथे जातो, ही गोष्ट आपल्या धम्मदेसनेतच काही कमी पडल्याचे दाखविते.

शरीराचा रोग शरीराचाच समजावा. बाबासाहेबांना मधुमेह होता, आणि 1948 च्या सुमारास पायांच्या चेतातंतूंच्या दुखण्याने त्यांच्या रात्री वैऱ्याच्या झाल्या होत्या. वेदना रात्रीच उठत. त्यांनी इन्शुलीन घेतले, डॉक्टर केले. तेव्हा रात्री पाय ठणकत असतील, वारंवार लघवीला उठावे लागत असेल, किंवा मोठ्याने घोरता घोरता श्वास अडकत असेल, तर आधी रक्त तपासा, डॉक्टरला दाखवा.

आणि आता तरुणांना. बाबासाहेब लंडनला रात्र रात्र वाचीत, हे आपण प्रत्येक जयंतीला सांगतो. ऐकून आमची मुले अभ्यासिकेत तीन-तीन वाजेपर्यंत बसतात आणि सकाळी सातच्या वर्गात पेंगतात. ज्यांच्या घरी दिवसा बसायला जागा नाही, त्यांचे रात्री बसणे मी समजू शकतो. पण झोपेतच मेंदू दिवसाचे वाचलेले पक्के करीत असतो. झोप कापून वाढविलेला अभ्यास परीक्षेत गळून जातो. रानडुकरे आणि रोही वावरात शिरू नयेत म्हणून आपण जागलीला जातो, रात्रीचीच लाईन मिळते तेथे हरभऱ्याचे ओलीतही रात्री करतो. ती जागल पोटासाठी आहे आणि ती टळत नाही. जागलीला दोघांनी पाळी लावून जावे आणि दुसऱ्या दिवशी घरच्यांनी त्या माणसाला झोपू द्यावे. समाजाची जागृती ही त्या प्रकारची जागल नव्हे. तिच्यासाठी दिवसा डोके ताजे लागते.

रात्री विहारातून परतल्यावर एवढे करून पाहावे: उद्याची कामे वहीत लिहून वही मिटावी, हातपाय धुवावे, थोडे आनापान करावे. श्वास मोजताना झोप आली तर ठीक, न आली तरी ठीक. आनापान हे झोपेचे औषध म्हणून घोटू नका, नाहीतर तेही कुस्तीच होईल. महिनाभर नियम पाळूनही आठवड्यात तीन-तीन रात्री अशाच जात असतील, तर सरकारी दवाखान्यात दाखवा. आणि न झोपलेल्या रात्रीत जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर सकाळची वाट पाहू नका. शेजारच्या माणसाला उठवा, किंवा 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर बोला. ऑक्टोबर 2022 पासून तो चालू आहे, रात्रंदिवस लागतो, मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.