मसाफीचा मुक्काम



सतरा तम्मूझचा रोजा झाला की बिरड्याच्या रोजापर्यंत जे तीन आठवडे येतात, त्यांत ‘मसेई’ हा पाराशा वाचला जातो. पुष्कळांना तो कंटाळवाणा वाटतो. बमिदबारच्या ३३ व्या अध्यायात, मिसर सोडल्यापासून यार्देनकाठच्या मवाबाच्या मैदानापर्यंत आपल्या वाडवडिलांनी केलेले ४२ मुक्काम ओळीने दिले आहेत. कुठून निघाले नि कुठे उतरले, बहुतेक ठिकाणी एवढेच. त्यांतली कित्येक गावे आज नकाशावर दाखवताही येत नाहीत. मग पवित्र तोरेत ही जंत्री कशासाठी, असा प्रश्न कुणाला पडला तर तो वावगा नाही. नऊशे वर्षांपूर्वी फ्रान्स देशातील थोर भाष्यकार राशी यांनाही तो पडला होता.

राशींनी दोन उत्तरे दिली आहेत. पहिले हिशेबाचे आहे. ४२ पैकी १४ मुक्काम पहिल्याच वर्षातले आणि ८ शेवटच्या वर्षातले. म्हणजे मधल्या ३८ वर्षांत अवघे २० मुक्काम झाले. रानात भटकण्याची शिक्षा झाली खरी, पण परमेश्वराने लेकरांना दररोज फरपटत नेले नाही. वर्षानुवर्षे विसावा दिला.

दुसरे उत्तर त्यांनी मिद्राशातून घेतले आहे. एका राजाचा मुलगा आजारी पडला. राजाने त्याला दूरदेशी नेऊन बरे करून आणले. परत येताना बाप वाटेतली एकेक जागा मुलाला दाखवू लागला. इथे आपण झोपलो होतो, इथे आपल्याला थंडी वाजली, इथे तुझे डोके दुखले होते. राशी म्हणतात, मुक्कामांची यादी ती ही.

या दुसऱ्या उत्तराची आठवण मला एका प्रवासाच्या हकीकतीने झाली. आपल्या समाजातील एका आजींनी ती मला सांगितली, व नाव न घालता लिहिण्यास मुभा दिली.

आजी ठाण्याला धाकट्या मुलाकडे राहतात. थोरला पंचवीस वर्षांपूर्वी इस्राएलला गेला. २०२० साली इस्राएल व संयुक्त अरब अमिरातीत करार झाला आणि दुबईला थेट विमाने सुरू झाली. तेव्हापासून दोन्हीकडच्या नातेवाइकांना मध्यावर भेटण्याची सोय झाली आहे. एप्रिल २०२४ मध्ये त्या देशात विक्रमी पाऊस झाला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात हे दोघे भाऊ, बायकामुले आणि आजी दुबईला एकत्र आले, व मोठी मोटार भाड्याने घेऊन डोंगराकडे निघाले.

अमिराती म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाळू व उंच इमारती येतात. परंतु पूर्वेकडे हजर नावाची डोंगराची मोठी रांग आहे. हजर म्हणजे दगड. आपल्या खंडाळ्याच्या घाटासारखी तिथे हिरवळ नाही. तपकिरी, उघडे, कातरलेले डोंगर. त्यांतला पुष्कळसा दगड एके काळी समुद्राचा तळ होता, असे भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. पहिला दिवस हट्टाला गेला. धरणाचे हिरवेगार पाणी, त्यात होड्या, काठावर सगळ्यांनी मिळून खाल्लेल्या घरच्या चपात्या. आजी म्हणाल्या, “तो दिवस एलीमचा.” बारा झरे आणि सत्तर खजुरींचे एलीम या यादीत आहेच.

दुसऱ्या दिवशी मसाफी लागले. हे गाव गोड्या पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध. त्याच नावाचे बाटलीतले पाणी त्या देशभर विकले जाते. तिथे रस्त्याला फाटा फुटतो, एक फुजैराकडे व दुसरा दिब्ब्याकडे. डोंगरावर ढग दाटले होते. थोरल्याने मुलांना एक वादी दाखवण्याचे कबूल केले होते. वादी म्हणजे डोंगरातल्या नदीचे कोरडे पात्र. एरवी त्यात पाण्याचा टिपूस नसतो, पण वर कुठेतरी पाऊस पडला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. धाकटा म्हणाला, आज नको. थोरला म्हणाला, तू पहिल्यापासून भित्रा. त्यावर धाकट्याच्या तोंडून निघाले, “तू विमानात बसून मोकळा झालास. आईला दवाखान्यात कुणी नेलं?”

आई मागच्या बाकावर बसली होती.

वादीपुरते म्हणाल तर धाकट्याचेच बरोबर होते, यात मला शंका नाही. जिवाचे रक्षण ही मित्स्वा शाब्बाथच्याही वरची. शिवाय २०२३ पासून तिथे पूर आलेल्या वादीत गाडी घालणाऱ्यास २,००० दिऱ्हम दंड होतो व गाडी साठ दिवस जप्त होते. पण पंचवीस वर्षांचा हिशेब त्या फाट्यावर निघायला नको होता. गोड्या पाण्याच्या गावी त्यांचे मारा झाले. पुढचे दोन तास गाडीत कुणी कुणाशी बोलले नाही.

थकलेल्या वाटेत माणसाचे असे होते, हे तोरेला माहीत आहे. एदोमाला वळसा घालून जाताना लोकांचा धीर सुटला आणि ते मोशे रब्बेनूंवर उखडले, असे २१ व्या अध्यायात आहे. तिथे जो इब्री शब्द आला आहे त्याचा सरळ अर्थ जीव आखूड होणे असा आहे. लांब रस्ता, आखूड जीव. लहान मुले घेऊन आठ तास मोटारीत बसलेल्या कोणत्याही आईबापाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

म्हणूनच तेफिल्लात हद्देरेख, म्हणजे वाटेची प्रार्थना, ‘मी’ न म्हणता ‘आम्ही’ म्हणून करायची असते. एकट्याने प्रवास केला तरीही. तलमूदात अबाये यांनी तसे स्पष्ट सांगितले आहे. गाडीत ज्याच्याशी आपण बोलत नाही, त्याच्याही सुखरूप पोहोचण्याची मागणी त्या ‘आम्ही’त येते.

तिसऱ्या दिवशी जेबेल जैस. राअस अल खैमाकडून वर जाणारा नागमोडी रस्ता सुमारे १,९०० मीटर उंचीच्या डोंगरावर चढतो. अर्ध्यावर धाकट्याच्या मुलीला वळणे सोसेनात. ती ओकली, थोरल्या काकाच्या अंगावरच. काकाने गाडी थांबवायला लावली, पिण्याच्या पाण्याने आधी तिचे तोंड धुतले, स्वतःचा कोट तिला पांघरला आणि आपण थंडीत कुडकुडत उभा राहिला. आजींनी पिशवीतली आवळासुपारी काढली. भावांचा समेट वगैरे झाला नाही. धाकट्याने थर्मासमधला चहा ओतून भावाच्या हातात दिला, एवढेच आजींनी पाहिले.

परत आल्यावर फोटो सगळ्यांना पाठवले गेले. हट्ट्याच्या होड्या, डोंगराचे शिखर, हसरी तोंडे. मसाफीचा एकही नाही. आपण आपल्या प्रवासांच्या अशाच याद्या करतो. तोरेने तसे केलेले नाही. एलीम आहे तशीच मारा आहे, पाणी नव्हते ते रेफीदीमही आहे, हाव धरलेल्यांच्या कबरी जिथे झाल्या ते ठिकाणही आहे.

पण बाईटही सांगायचे तर ते कसे? काही घरांत जुना प्रवास निघाला की आरोपपत्र वाचल्यासारखे होते. तू तेव्हा असे केलेस, तुझ्यामुळे आम्हांला असे झाले. राजाच्या गोष्टीतला बाप नीट ऐका. ‘तू मला किती दमवलेस’ असे तो म्हणत नाही. तुझे डोके दुखले होते, एवढेच म्हणतो. देवारीमच्या आरंभी मोशे रब्बेनूंना लोकांची कानउघाडणी करायची होती. तिथेही त्यांनी नुसती गावांची नावे घेतली, अपराध उघड बोलले नाहीत. इस्राएलची अब्रू राखण्यासाठी, असे राशी सांगतात.

सुखरूप परतल्याबद्दल आजींनी ठाण्याला एलियाहू हान्नबीचा मलिदा केला. थोरला फोनवरून दिसत होता, धाकटा पोह्यांच्या ताटाशी बसला होता. नातीने हट्ट धरला, आजी, आपण कुठे कुठे गेलो ते सांग. आजींनी हट्टा सांगितले, जैस सांगितले, ओकारीसुद्धा सांगितली, तशी ती खुदकन हसली. मग तिने विचारले, “आणि मसाफीला काय झालं?”

“तिथं तुझे बाबा न् काका फार दमले होते,” आजी म्हणाल्या, “आणि मला तहान लागली होती.”