खो कुणाच्या खात्यात?

आमच्या धाराशिवात दोन गोष्टींना मरण नाही. एक पाणीटंचाईची चर्चा आणि दुसरा खो-खो. पहिलीला पाणी लागत नाही, दुसऱ्याला पैसा. म्हणून दोन्ही टिकल्या.

इथल्या सारिका काळेनं 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताचं नेतृत्व करून सुवर्णपदक आणलं. 2020 साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. घरी एक वेळच्या जेवणावर भागवायचे दिवस, आणि मैदानावर प्रशिक्षक चंद्रजित जाधव. आता आम्ही पडलो बँकेतले कारकून. कुठलीही रक्कम दिसली की पहिला प्रश्न, ही जमा कुणाच्या खात्यात? पळाली पोरगी, उपाशी राहिली पोरगी. मग गुरूचा वाटा किती टक्के?

या बाबतीत आमच्याच धंद्यातला एक माणूस आठवतो. रमाकांत आचरेकर स्टेट बँकेत होते. प्रथम श्रेणीचा सामना खेळले मोजून एक, 1963-64 च्या मोसमात. खेळाडू म्हणून पासबुकात ही एवढीच नोंद! पुढे शिवाजी पार्कवर पोरं घडवली आणि 1990 साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

शेजारचे तात्या म्हणतात, "अहो, आपली राहिलेली हौस पोरांकडून फेडून घेतात हे लोक!" तात्यांना वाटणारच. त्यांच्या मुलाला डॉक्टर का व्हायचंय, हे त्या मुलाला अजून कळलेलं नाही.

पण दोघांत फरक आहे, बरं का. आचरेकर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे. सचिनला बाद करील त्या गोलंदाजाचं नाणं; नाबाद राहिला तर सचिनचं. अशी तेरा नाणी सचिननं जपली. आमचं लक्ष मात्र भलतीकडेच जातं. नाणं कुणाकडेही गेलं तरी आचरेकरांच्या खिशात परत येत नव्हतं! हौस फेडून घेणारा बाप आणि गुरू ओळखायचे ते इथे. नाणं शेवटी कुणाच्या खिशात जातं, तेवढं बघावं.

खो-खोत हे नियमातच आहे. पळणाऱ्यानं बसलेल्याला पाठीमागून खो द्यायचा आणि त्याच्या जागी आपण बसायचं. खो मिळाल्याशिवाय उठलात तर फाऊल. कचेरीत नेमकं उलटं चालतं. इथे निवृत्तीच्या दिवशीसुद्धा लोक खुर्चीची दिशा बदलून बघतात, पण हाताखालच्या पोराला लेजर जुळवायची युक्ती सांगत नाहीत.

तेव्हा आमचा हिशेब असा. पदक सारिकाचं, पूर्ण सोळा आणे. भूक कुणी शिकवत नसतं. ती तिनंच सोसली. गुरूच्या खात्यावर मात्र पदक चढवायचंच नाही. तिथे एकच नोंद पाहायची, की पुढचा उठला का? सारिका पुढे तुळजापुरात क्रीडा अधिकारी म्हणून काम करू लागली. म्हणजे खो पोचला.

बाकी तुम्हीआम्ही बसलेलेच. पण दम संपायच्या आत एखाद्याच्या पाठीवर हात टेकवून "खो" म्हणायला काय हरकत आहे? त्याला ना अर्ज लागतो, ना साहेबांची सही.