आधार किती घ्यावा?

वयाच्या सासष्टाव्या वर्षी माणसाने सायकल विकत घ्यावी, हे आमच्या घरात कोणालाच फारसे पटले नाही. आणि ती विजेच्या आधाराने चालणारी असावी, हे माझे मलाच पटत नव्हते. घरच्यांचा आक्षेप व्यावहारिक होता. "बाबा, त्यापेक्षा स्कूटर घ्या," असे चिरंजीवांचे म्हणणे. माझा आक्षेप मात्र नैतिक होता. ज्या चढावर मोटर मला ओढून नेणार, तो चढ मी चढलो असे म्हणण्याचा मला काय अधिकार?

भोपाळ तलावांचे शहर म्हणून सर्वांना ठाऊक आहे. पण ते टेकड्यांचेही शहर आहे, हे सायकल चालवणाराच जाणतो. अरेरा, श्यामला आणि ईदगाह या तिन्ही टेकड्यांशी माझा संबंध आला. अरेरा टेकडीवरच्या सचिवालयात उमेदीची वर्षे गेली आणि निवृत्तीनंतर ईदगाह हिल्सवर घर झाले. भाजी, औषधे, बँक, मंडळाची सभा, सारे काही खाली. जाताना पाय हलवावा लागत नाही आणि येताना पिशवीतली दोन किलो ज्वारीसुद्धा पोत्यासारखी जाणवते. जुन्या सायकलीवर दोन वर्षे मी हा चढ चढलो. तिसऱ्या वर्षी अर्ध्या वाटेवर उतरून चालू लागलो. चौथ्या वर्षी सायकल भिंतीला टेकली ती टेकलीच. त्यानंतर माझे खाली जाणेच कमी झाले. सभेला न जाण्याची कारणे मी शोधू लागलो आणि ती मला फार चटकन सापडू लागली. प्रश्न सायकलीचा राहिला नसून माझे जग आक्रसण्याचा झाला आहे, हे सौभाग्यवतींच्या ध्यानात माझ्या आधी आले.

आधाराची लाज वाटणे ही गोष्ट नवी नाही. सायकलीच्याच इतिहासात तिचा एक मजेदार दाखला आहे. १९०३ साली फ्रान्समध्ये 'तूर द फ्रान्स' ही सुप्रसिद्ध शर्यत सुरू झाली. तिचे प्रवर्तक आंरी देग्रांज यांचा गिअर बदलण्याच्या साधनाला कडवा विरोध होता. असली सोय पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना ठीक, खऱ्या वीराने स्नायूंच्या बळावरच जिंकावे, असे त्यांचे मत. साखळी एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेला त्या शर्यतीत मुभा मिळाली ती १९३७ साली. आज गिअर बदलून आल्प्स चढणाऱ्याला कोणी लबाड म्हणत नाही. तेव्हा आधाराची लाज पुष्कळदा सवयीची असते. मात्र गिअर आणि मोटर यांत एक मूलभूत भेद आहे. गिअर बाहेरून शक्ती आणत नाही. तो आपल्याच शक्तीची वाटणी सोयीस्कर करतो. मोटर परकी शक्ती आणते. माझा खरा अडथळा इथे होता.

जुन्या सवयीप्रमाणे मी कागद घेऊन हिशेब मांडला. माझे सत्तर किलो आणि सायकलीचे पंचवीस, असे पंचाण्णव किलो ओझे १०० मीटरला ६ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी १० किलोमीटर वेगाने न्यायचे, तर सुमारे १८० वॉट लागतात. माझ्या वयाच्या सामान्य माणसाला सातत्याने ७५ ते १०० वॉट देणे झेपते. वेग निम्मा केला तर जोरही निम्म्याने पुरतो, हे खरे; पण ताशी ५ किलोमीटर वेगाने सायकलीचा तोल धड राहत नाही. म्हणजे जी तूट होती ती इच्छाशक्तीची नव्हती, ऐंशी-शंभर वॉटची होती. ती भरून काढायला वीजही फार लागत नाही. साठ मीटर उंची चढायचे सगळे काम मोटरवर टाकले, तरी वाटेतली घट धरून वीस वॉट-तासांच्या आसपास खर्च होतो. साधी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची बॅटरी ३६० वॉट-तास साठवते. पूर्ण भरायला अर्धे युनिटसुद्धा लागत नाही. हिशेबाने लाज गेली नाही, परंतु तिचा आकार कळला.

मग दुकाने पालथी घातली. तेथे पहिला धडा असा मिळाला की 'विजेची सायकल' या एका नावाखाली स्वभावाने अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. काहींत मोटर चाकाच्या मध्यभागी असते. ती स्वस्त आणि साधी, पण दीर्घ आणि तीव्र चढावर वेग पडला की ती गुदमरते, तापते. काहींत ती पायडलच्या आसापाशी असते आणि साखळीतून जोर देते. त्यामुळे सायकलीचे गिअर तिलाही उपयोगी पडतात आणि घाट चढायला ती उत्तम. किंमत मात्र बहुधा लाखापुढे जाते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि यंत्राने मिळणारा वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला, की अशा सायकलीला नोंदणी वा परवाना लागत नाही.

परंतु ज्या भेदाने मला विचारात पाडले तो आणखी सूक्ष्म होता. मोटरला मदत केव्हा करायची हे कळते कसे? एका प्रकारात हँडलवरची मूठ पिळली की झाले, पायांचा संबंधच नाही. दुसऱ्या प्रकारात पायडल फिरते आहे की नाही एवढेच यंत्र पाहते. पाय नुसते हवेत फिरवल्यासारखे फिरवले तरी मोटर तितक्याच जोमाने धावते. दुकानातील तरुण मोठ्या अभिमानाने म्हणाला, "अंकल जी, बस पैर घुमाते रहिए, बाकी मशीन देख लेगी।" तिसऱ्या प्रकारात पायडलवर पडणारा जोर मोजणारे साधन असते, त्याला टॉर्क सेन्सर म्हणतात. तुम्ही जितके दाबाल त्या प्रमाणात यंत्र आपला वाटा घालते. तुम्ही सैल पडलात की तेही सैल पडते. जपानच्या यामाहा कंपनीने १९९३ साली जी साहाय्यक सायकल बाजारात आणली, तिच्यामागे हेच तत्त्व होते. ही सायकल मी चालवून पाहिली तेव्हा मोटर चालू असल्याचा भास झाला नाही. आपले पाय वीस वर्षांनी तरुण झाले, असे मात्र वाटले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण सायकलीचे नव्हते. माझी बरीच नोकरी ग्रामीण विकासाच्या कामात गेली. गावाने श्रमदानाचा वाटा उचलावा आणि शासनाने उरलेला खर्च करावा, अशा योजना आम्ही राबवीत असू. कल्पना टॉर्क सेन्सरचीच होती. पण आम्ही मोजत काय होतो? हजेरीपट, अंगठे, खर्चाचे दाखले. पायडल फिरते आहे, एवढेच. एका गावातला तलाव लोकांनी खरोखर खांद्यावर माती वाहून बांधला. शेजारच्या गावात ठेकेदाराच्या यंत्राने माती हलवली आणि श्रमदान कागदावर झाले. दोन्ही फायलींवर माझी सही आहे आणि दोन्ही फायली सारख्याच दिसतात. काही वर्षांनी त्या भागात गेलो, तेव्हा पहिल्या गावाने फुटलेला बांध स्वतःच दुरुस्त केला होता. दुसऱ्या गावातील वृद्ध मला नमस्कार करून म्हणाले, "साहब, आपका तालाब टूट गया।" 'आपका' हा शब्द अजून कानांत आहे. जी मदत घेणाऱ्याचा जोर मोजत नाही, ती केलेले काम त्याचे राहू देत नाही, हे मला तेव्हा समजायला हवे होते.

म्हणजे प्रयत्नाच्या प्रमाणात मिळणारी मदत हीच उत्तम, असा सिद्धांत मांडून मोकळे व्हावे काय? काही दिवस मला तसे वाटले. परंतु माझे थोरले बंधू आठवले आणि सिद्धांत डळमळला. अण्णा ग्वाल्हेरला लष्करात, आमच्या जुन्या घरी राहत. लष्कर ते मुरार ही त्यांची रोजची सायकलफेरी साठी उलटल्यावरही चालू होती. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी चक्कर येऊ लागली. डॉक्टरांनी काठी वापरायला सांगितले. अण्णांनी काठी आणली आणि छत्र्यांच्या कोपऱ्यात ठेवून दिली. "काठी घेतली की माणूस म्हातारा होतो," असे ते म्हणत आणि आम्ही त्यांच्या बाणेदारपणाचे कौतुक करीत असू. एका सकाळी अंगणाच्या पायऱ्यांवर ते पडले, खुब्याचे हाड मोडले आणि पुढची दोन वर्षे त्यांनी खिडकीतून रस्ता पाहिला. एका आधाराला नकार देऊन त्यांनी शेवटी सगळ्याच आधारांखाली दबून जाणे ओढवून घेतले. आणि त्या दोन वर्षांत त्यांना जी मदत लागली ती प्रयत्नाच्या प्रमाणात मोजून देता येण्यासारखी नव्हती. ज्याच्यात दाबायला जोरच उरला नाही, त्याला 'आधी तू दाब' म्हणणारे यंत्र निर्दय ठरते. ज्यांचे गुडघे दुखतात, अशांना जोर मोजणाऱ्या सायकलीपेक्षा नुसते फिरणे पाहणारी सायकल अधिक मानवते, हेही मला दुकानातच कळले होते.

उलट बाजूही मी पाहिली आहे. आमच्या नात्यातील एका वृद्ध बाईंच्या हातून सुनांनी प्रेमापोटी एकेक काम काढून घेतले. आधी पोळ्या, मग भाजी निवडणे, शेवटी देवाच्या वाती वळणेसुद्धा. कोणाचा हेतू वाईट नव्हता. वर्षभरात त्या बाईंचे हात मांडीवर ठेवलेल्या वस्तूंसारखे झाले.

या दोन टोकांच्या मध्ये मला जे सापडले ते असे: मदत श्रेष्ठ की स्वावलंबन श्रेष्ठ, हा प्रश्नच बहुधा चुकीचा मांडलेला असतो. विचारायचे ते हे, की घेणाऱ्यात आज किती जोर शिल्लक आहे, आणि ही मदत तो जोर कामी लावते की निकामी करते. याचे उत्तर माणसागणिक बदलते आणि एकाच माणसाच्या बाबतीत वयागणिक बदलते. म्हणून मदत किती घ्यायची हे ठरवणारी कळ, जोवर शक्य आहे तोवर, घेणाऱ्याच्या अंगठ्याखाली असावी. माझ्या मनातील 'चढ कोणी चढला' या प्रश्नाचे ओझेही इथेच हलके झाले. ज्या सायकली माझे वडील आणि बंधू चालवीत त्या त्यांनी घडवल्या नव्हत्या, रस्ता त्यांनी बांधला नव्हता. परकी शक्ती आपल्या प्रत्येक कर्मात मिसळलेली असते. आपल्याकडे मागितला जातो तो आपला वाटा.

अखेर मी जी सायकल घेतली तिची मोटर मागच्या चाकात आहे, कारण माझे अंदाजपत्रक तेवढेच होते. मात्र जोर मोजणारे साधन, सात गिअर आणि दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक यांवर मी तडजोड केली नाही. पंचवीस किलोची सायकल चढवणे जितके कठीण, तितकेच तिला उतारावर आवरणे कठीण असते. बॅटरी काढून घरात नेता येते. पहिल्यांदाच अशी सायकल घेणाऱ्या वाचकांना माझा सल्ला एवढाच, की दुकानापुढच्या सपाट रस्त्यावर भुलू नये. आपल्याच चढावर, आपलीच भरलेली पिशवी अडकवून, मधोमध थांबावे आणि तेथून पुन्हा निघून पाहावे. मग मोटर बंद करून सर्वांत हलक्या गिअरवर थोडे अंतर चढून पाहावे. ज्या सोबत्याने वाटेत साथ सोडली तरी आपण हळूहळू का होईना घरी पोचू शकतो, असा सोबती निवडावा.

आता मी आठवड्यातून चार वेळा खाली जातो. मंडळाची एकही सभा चुकलेली नाही. साहाय्याच्या पाच पायऱ्यांपैकी मी दुसरी वापरतो; गुडघा कुरकुरला तर तिसरी. अण्णांची काठी आता माझ्याकडे आहे. ती छत्र्यांच्या कोपऱ्यात नाही, दाराशी आहे.

मागच्या महिन्यात चढावर एक भाजीवाला भरलेला ठेला ढकलत चालला होता. त्याच्या ठेल्याला मोटर नव्हती. मी त्याच्या पुढे निघून गेलो, दहा-वीस हात गेल्यावर थांबलो, सायकल कडेला लावली आणि परत येऊन ठेल्याला हात लावला. त्याने मान वळवून पाहिले. ढकलणे मात्र क्षणभरही सैल केले नाही. वळणापर्यंत आम्ही दोघे काहीच बोललो नाही. तेथे रस्ता सपाट झाला, आणि मी हात काढून घेतला.