सूतभर इकडे, सूतभर तिकडे

माणसाने काटेकोर असावे, याबद्दल कुणाचेच दुमत नाही. माणसाने म्हणजे अर्थातच दुसऱ्याने. दूधवाल्याने मापात, शिंप्याने तारखेत आणि सरकारने सगळ्याच बाबतीत काटेकोर असावे. स्वतःची पाळी आली की मात्र आपली भाषा एकदम मऊ होते. "एकोणीस-वीस चालायचंच हो!" असे आपण म्हणतो. एकोणीस म्हणजे वीस नव्हे, हे पहिलीतले पोरही सांगेल. पण अशा वेळी पहिलीतल्या पोराला विचारतो कोण?

मग चालवून किती घ्यायचे आणि अडून कुठे बसायचे? हा प्रश्न नीतिशास्त्राचा खरा. पण त्याचा सगळ्यांत सरळ विचार केला आहे तो इंजिनियर मंडळींनी. इंजिनियर म्हणजे अचूकतेचा पुतळा, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात, अगदी अचूक असे काहीही करता येत नाही, हे तो कामाला लागण्यापूर्वीच लेखी देऊन मोकळा होतो. कारखान्यातले ड्रॉइंग पाहा. दांड्याचा व्यास २५ मिलिमीटर आणि शेजारी बारीक अक्षरात अधिक-उणे ०.०२. हत्यार झिजते, धातू तापून फुगतो, मशीन थरथरते, तेव्हा २४.९८ ते २५.०२ पर्यंत काहीही आले तरी माल पास. याला म्हणतात टॉलरन्स. आपला सुतार 'सूतभर कमी-जास्त' म्हणतो तेही तेच. फक्त त्याचे सूत इंचाच्या आठव्या भागाएवढे जाड असते.

हे नसेल तर काय होते? जुन्या काळी प्रत्येक कारखान्याच्या स्क्रूचे आटे वेगळे असत. एका नटाचा बोल्ट हरवला की नट जन्माचा विधुर! १८४१ साली इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थने आट्यांचे एकच माप सुचवले, आणि हळूहळू कुठल्याही नटाचे कुठल्याही बोल्टाशी जमू लागले. पण नुसते माप एक असून भागत नाही. २५ मिलिमीटरच्या भोकात बरोबर २५ मिलिमीटरचा दांडा ठोकून बसवता येतो. फिरवता येत नाही. फिरायचा तर मध्ये तेलापुरती फट लागते. एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता थ्री-डी प्रिंटर आले आहेत. शेजारचा कॉलेजकुमार त्यावर डब्या करतो. प्लॅस्टिकची तार वितळवून ०.२ मिलिमीटरचा एकेक थर चढत जातो आणि बघता बघता डबी तयार. कॉम्प्युटरने केलेली म्हणजे तंतोतंत असणार, असे मला वाटले होते. तो म्हणाला, "छे हो काका! प्लॅस्टिक गार होताना आकसतं. भोक ठरवल्यापेक्षा लहानच येतं. झाकणासाठी फट आधीच सोडावी लागते." यंत्र नवे असो की जुने, फट सोडण्याची अक्कल माणसालाच लागते.

मला सगळ्यांत आवडतो तो रेडिओतला रेझिस्टर. चिमुकला जीव, पण आपण किती चुकू शकतो ते अंगावर रंगवून घेऊन हिंडतो. शेवटचा पट्टा सोनेरी असेल तर पाच टक्के इकडे-तिकडे, रुपेरी असेल तर दहा टक्के. आणि पट्टाच नसेल तर? तर वीस टक्के! म्हणजे अंगावर दोषाची खूणच नाही, त्याच्यापासून सगळ्यांत जास्त सावध. माणसांच्या बाबतीतही माझा अनुभव असाच आहे. लग्ने जुळवताना आपण छत्तीस गुणांपैकी अठरा जुळले की पेढे वाटतो. म्हणजे निम्मी सूट! त्यापेक्षा वधूवरांना पट्टे असते तर किती बरे झाले असते!

पण नुसता काटेकोरपणा तरी कुठे पुरतो? १९९० साली हबल दुर्बीण अवकाशात गेली. तिचा २.४ मीटरचा आरसा अतिशय बारकाईने घासलेला होता. पण चुकीच्या आकारात. ज्या उपकरणाने तो तपासला, त्यातले एक भिंग १.३ मिलिमीटर सरकलेले होते. दुसऱ्या उपकरणांनी दोष दाखवला होता. पण ती कमी अचूक म्हणून त्यांचे कुणी ऐकले नाही. शेवटी डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन दुर्बिणीला एका परीने चष्माच लावला. स्वतःची फूटपट्टी कधी न तपासणारी कडक माणसे पाहिली की मला हा आरसा आठवतो. मुलाला शंभरात ब्याण्णव मिळाले तरी "आठ कुठे गेले?" म्हणून विचारणारे वडील याच जातीचे.

तर मग टॉलरन्स आणि 'चालतंय की' यांत फरक काय? फरक वेळेचा आहे. टॉलरन्स काम करण्याआधी लिहितात. 'चालतंय की' हे काम बिघडल्यावर म्हणतात. आणि दुसरा फरक म्हणजे त्या फटीची किंमत कोण मोजणार. खुर्चीचा पाय सूतभर आखूड निघाला तर आपण खाली कागदाची घडी सारतो आणि त्याच खुर्चीत बसून पेपर वाचतो. पण एसटीच्या ब्रेकमधले सूत बनवणाऱ्याच्या नव्हे, पन्नास उतारूंच्या जिवावर बेतते. जिथे झळ आपल्याला लागणार, तिथे खुशाल फट सोडावी. जिथे ती दुसऱ्याला लागणार, तिथे 'एकोणीस-वीस' म्हणण्याचा अधिकार आपला नव्हे. आपण बहुतेक वेळा नेमके याच्या उलट करतो.

माझा स्वतःचा पट्टा सोनेरी की रुपेरी, हे मी सांगण्यात अर्थ नाही. माप नेहमी दुसऱ्याने घ्यायचे असते. आमच्या घरी ते काम लग्नापासून अखंड चालू आहे. निकाल अजून जाहीर झालेला नाही, पण फिरायला तेवढी फट मात्र सोडलेली आहे.