कारण आणि कलंक

एक घटना दुसरीच्या मागून घडली, एवढ्यावरून ती तिच्यामुळेंच घडली असें मानणें हा तर्कदोष होय, असें आम्ही महाविद्यालयांत वर्षानुवर्षें शिकवीत आलों. परंतु हें तर्कशास्त्र वर्गाच्या दाराबाहेर आमच्यासमवेत येतें कीं नाहीं, याची परीक्षा यवतमाळच्या एका मोटार-दुरुस्तीखान्यांत झाली, आणि तींत आम्ही अनुत्तीर्ण ठरलों.

आमच्यापाशीं एक जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या कंपनीची ही गाडी निघावयाची बंद होऊन बरींच वर्षें लोटलीं. आम्हांस मात्र ती टाकवली नाहीं. गेल्या पावसाळ्यानंतर तिला एक विलक्षण खोड लागली. दिवसा ब्रेक दाबला कीं पुढचा डावा इंडिकेटर मिणमिणूं लागे, आणि मागचा डावा लाल दिवा मात्र नीट उजळत नसे. चारच दिवसांपूर्वीं दुरुस्तीखान्यांतील एका पोऱ्यानें तोच पुढचा दिवा बदलला होता. आम्हांस अधिक पुराव्याची गरज भासली नाहीं. चार गिऱ्हाइकांदेखत आम्हीं त्यास बोल लाविला. "सर, मी दुसऱ्या कशाले हात नाही लावला जी," एवढेंच तो म्हणाला. तेंही आम्हांस उद्धटपणाचें वाटलें.

वृद्ध मिस्त्री कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं ब्रेक दाबून धरावयास सांगितलें आणि मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकास व दुसरी मागच्या डाव्या दिव्याच्या धातूच्या घरास लाविली. कांटा शून्याजवळ राहावयास हवा होता. तो कित्येक व्होल्ट चढला. मोटारींत वीज दिव्यापर्यंत तारेनें जाते, पण परततांना गाडीच्या लोखंडी अंगांतूनच बॅटरीकडे येते. त्या दिव्याचा स्क्रू वयानें व पावसानें गंजून ही परतीची वाट तुटली होती. म्हणून ब्रेकच्या दिव्यांतील वीज शेजारच्या इंडिकेटरच्या तंतूंत उलटी शिरे आणि त्याच्या तारेनें पुढें जाऊन पुढच्या इंडिकेटरमधून वाट काढी. दोष मागें, लक्षण पुढें! मिस्त्रींनीं दिव्याच्या घरापासून स्वच्छ लोखंडापर्यंत एक तार जोडली, खोड गेली. तार काढली, खोड परतली.

हाच आमच्या नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक. जॉन स्टुअर्ट मिलनें १८४३ सालच्या आपल्या तर्कग्रंथांत याच जातीच्या पद्धती मांडल्या. घट घडण्यापूर्वीं गाढवानें माती वाहून आणली, तरी तेवढ्यानें गाढव घटाचें कारण ठरत नाहीं, हा न्यायशास्त्रांतला दाखला तर आम्हांस मुखोद्गत होता. मग तो ऐन वेळीं आठवला कां नाहीं? तो मुलगा गरीब, लहान व उलट उत्तर न देणारा नसता, तर आठवला असता, असें कबूल करणें भाग आहे. आरोपही विजेसारखाच वागतो. सरळ वाट तुटली कीं जो वाट देईल त्याच्यांतून तो जातो.

तर्काची चूक ही नीतीची चूक होते काय? दिव्याविषयीं चुकणें ही निव्वळ चूक. माणसाविषयीं चुकणें हा अन्याय. जोडलेली तार काढून पुन्हा पाहतां येतें. उच्चारलेला शब्द काढून घेतां येत नाहीं.

आम्हीं त्या मुलाची क्षमा मागितली. तो संकोचून "राहू द्या जी," म्हणाला. परंतु ज्या चौघांदेखत आम्हीं आरोप केला, ते केव्हांच निघून गेले होते.