खेकड्याचं भोक

वसई पूर्वेला वालीवच्या औद्योगिक वसाहतीत एक गाळा होता. त्यात दाराच्या बिजागऱ्या बनायच्या. आठ कामगार, चार प्रेस आणि दोन कॉम्प्युटर. एकावर मालक स्वतः हिशेब ठेवायचा: टॅली, बिलं, कुणाकडून किती येणं. दुसऱ्यावर डायची ड्रॉइंगं असायची. तो आयटीआयमधून आलेल्या एका शिकाऊ पोराच्या हाताखाली होता. दोन्ही कॉम्प्युटर एकाच तारेने जोडलेले होते.

मालकाचे वडील शेतकरी. कामणकडे खाडीकाठी त्यांची खारजमीन होती. खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून शेताला मातीचा बांध. खारं पाणी एकदा शिरलं की जमीन दोन-तीन पावसाळे धड पिकत नाही. म्हणून म्हातारा रोज बांधावरून चालायचा आणि खेकड्यांची भोकं शोधायचा.

2017 सालचा मार्च महिना होता. विंडोजमध्ये एक भोक सापडलं होतं. बाहेरचा माणूस त्यातून थेट आत शिरू शकत होता. मायक्रोसॉफ्टने 14 मार्चला ते बुजवणारा अपडेट काढला. जगातल्या लाखो कॉम्प्युटरांसारखी वालीवच्या गाळ्यातही सूचना आली.

"शेठ, अपडेट मागतोय," शिकाऊ म्हणाला. "अर्धा तास मशीन बंद ठेवावी लागेल."

"मार्च एंड आहे," मालक म्हणाला. "नंतर बघू."

मार्च एंडला गाळ्यात काय गडबड असते ते ज्याने पाहिलंय, तो या माणसाला आळशी म्हणणार नाही. उधारी वसूल करायची, स्टॉक मोजायचा, व्हॅटचे कागद जुळवायचे. कामाच्या माणसाचंच 'नंतर' लांबत जातं.

शिकाऊने आपल्या कॉम्प्युटरवर जेवणाच्या सुट्टीत अपडेट करून घेतला. डबा संपला तोवर मशीन परत चालू झाली होती.

त्याच आठवड्यात म्हातारा मुलाला म्हणाला, "रविवारी बांधावर ये. भोकं पडलीत."

"बाबा, पावसाला अजून तीन महिने आहेत."

म्हातारा काही बोलला नाही. रविवारी एकटाच गेला. त्याने भोकात काठी घातली. काठी हातभर आत गेली आणि वाकडी वळली. मग त्याने तिथली माती पार आतपर्यंत उकरली, चिकट माती कालवून भरली आणि पायाने तुडवली. नुसतं तोंड लिंपून तो कधी थांबत नसे. आत पोकळ राहिलं तर पाणी दुसरीकडून वाट काढतं, हे त्याला ठाऊक होतं.

एप्रिल गेला. मे उजाडला. हिशेबाच्या कॉम्प्युटरवर ती सूचना रोज यायची आणि मालक रोज ती पुढे ढकलायचा. एका गोष्टीची मात्र त्याने काळजी घेतली होती. सगळ्या हिशेबाची नक्कल तो पेनड्राइव्हवर उतरवायचा. तो पेनड्राइव्ह कॉम्प्युटरलाच लावलेला असायचा, म्हणजे शोधायला नको.

12 मे, शुक्रवार. त्या दिवशी जगभरच्या कॉम्प्युटरांत एक साथ सुटली. वॉनाक्राय तिचं नाव. ती त्याच भोकातून शिरत होती आणि एका मशीनमधून दुसरीत आपली आपण पसरत होती. शनिवारी सकाळी मालकाने कॉम्प्युटर लावला तर समोर लाल चौकट. तुमच्या फाइलींना कुलूप घातलं आहे. 300 डॉलरचे बिटकॉइन भरा. तीन दिवसांनी रक्कम दुप्पट होईल, सात दिवसांनी फाइली कायमच्या जातील. बाजूला घड्याळ उलटं चालत होतं.

शिकाऊने आधी भिंतीतली तार उपसली. मग पेनड्राइव्ह काढून पाहिला. त्यावरच्या फाइलींनाही कुलूप. नक्कल अस्सलाच्या शेजारीच बसली होती, तिला वेगळं काय होणार?

ड्रॉइंगांच्या कॉम्प्युटरला काहीच झालं नव्हतं. तोही त्याच तारेवर होता.

मालक त्या मशीनकडे बराच वेळ बघत राहिला. मग उठून कामणला गेला. म्हातारा बांधावर होता.

"बाबा, 19 हजारांच्या आसपास मागतायत. देऊन टाकतो."

"देऊन मिळेल?"

मालकाने शिकाऊला फोन लावला. पोरगं म्हणालं, "शेठ, भरू नका. पैसे कुणी भरले हे ओळखायचीच त्यात धड सोय नाही. पोलिसांत तक्रार द्या."

म्हाताऱ्याने विचारलं, "भोक ठाऊक होतं का?"

"रोज लिहून येत होतं. दोन महिने."

"मग दिसलं त्या दिवशी बुजवायचं, बाळा. भरतीला आपला मार्च एंड कळत नाही."

त्याने मुलाला घरी नेलं. माळ्यावर भाताच्या पेंढ्यात बांधलेला बियाण्याचा मुडा होता. खाण्याचं भात खाली कणगीत. "दोन्ही एकत्र ठेवत नाही," म्हातारा म्हणाला. "कणगीला कीड लागली तरी बी वाचतं."

सीएने एप्रिलमध्ये ऑडिटसाठी 31 मार्चपर्यंतचा हिशेब मागून घेतला होता. तो त्याच्याकडे शाबूत होता. एप्रिल आणि मेचे बारा दिवस मात्र गेले. मालक आणि शिकाऊ तीन आठवडे रोज रात्री बसून डिलिव्हरी चलनांवरून एकेक नोंद पुन्हा घालत होते. काही चलनं सापडलीच नाहीत. तो पैसा सोडून द्यावा लागला.

कॉम्प्युटर पुसून नव्याने लावला, तेव्हा अपडेट सगळ्यांत आधी घातला. नकलेसाठी दोन डिस्क घेतल्या. शनिवारी एक गाळ्यात यायची, नक्कल झाली की लगेच निघायची. दुसरी कामणच्या माळ्यावर असायची, मुड्याशेजारी. पुढच्या शनिवारी अदलाबदल.

जूनच्या शेवटी पेपरात बातमी आली. न्हावाशेवाला जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम 27 तारखेपासून अडलं होतं. तिथली साथ वेगळी होती, पण मार्चमधल्या त्या भोकाचा तिनेही उपयोग केला होता. मालकाने बातमी दोनदा वाचली आणि शिकाऊला दोन्ही मशीन पुन्हा तपासायला लावल्या.

त्याआधी, जूनच्या सुरुवातीलाच, म्हाताऱ्याने पेरणीसाठी मुडा सोडला होता. सगळं बी एकदम पेरलं नाही. मूठभर घेऊन ओल्या गोणपाटात गुंडाळलं आणि दारामागे ठेवलं. तीन दिवसांनी उघडून कोंब मोजले.

मालकाने ते पाहिलं. माळ्यावरची डिस्क काढून तो गाळ्यात घेऊन आला आणि शिकाऊच्या कॉम्प्युटरला लावून एकेक फाइल उघडून पाहू लागला. बिलं उघडली. येण्याची यादी उघडली. एप्रिलची खरेदी उघडेना.

"पोरा," तो म्हणाला, "ही नक्कल परत घेऊ. आत्ताच."